मुक्कामी गाडीच्या आधी

परवा ओपीडी आटपून चहाला निघालेच होते तर दारात सेकंड इयरची एक मुलगी उभी. हातात प्लॅस्टिकचं फोल्डर, चेहऱ्यावर "दोनच मिनिटं मॅडम" असा भाव. एसटीएसचं, म्हणजे एमबीबीएसच्या पोरांनी दोन महिन्यांत करायच्या छोट्या संशोधनाचं, प्रपोजल घेऊन आली होती. सरांनी गाइड व्हायचं कबूल केलंय पण "आधी मॅडमना दाखवून ये" म्हणून तिला माझ्याकडे पिटाळलेलं, कारण मी पण एमबीबीएसला असताना याच ऑर्थो म्हणजे हाडांच्या डिपार्टमेंटला, याच विषयाच्या आसपास एसटीएस केलं होतं हे सरांच्या बरोब्बर लक्षात आहे. मी उभ्याउभ्याच पानं उलटली. ओपन फ्रॅक्चरच्या पेशंटला अँटिबायोटिकचा पहिला डोस अपघातापासून किती वेळात मिळतो, असा विषय. चांगला आहे, दोन महिन्यांत होण्यासारखा आहे, भाषाही बरी. प्रोफॉर्मामध्ये, म्हणजे पेशंटची माहिती भरायच्या फॉर्ममध्ये, दुसऱ्याच ओळीला रकाना होता, अपघाताची वेळ, आणि पुढे कंसात तास आणि मिनिटं. तिने त्याच ओळीवर बोट ठेवून विचारलं, "मॅडम, पेशंटला एक्झॅक्ट वेळ माहीत नसेल तर काय लिहायचं?" मी म्हणलं, "अंदाजे टाक गं. अर्धा तास इकडेतिकडे, काय फरक पडतो." तिने पेन्सिलने समासात "अंदाजे" लिहिलं आणि गेली. मी चहा प्यायले, राउंड घेतला, घरी आले, जेवले, आणि रात्री साडेअकराला कुशीवर वळताना ते पेन्सिलीतलं "अंदाजे" टोचायला लागलं.

उठून लॅपटॉप काढला. जुनी हार्ड डिस्क, त्यात "यूजी" नावाचं फोल्डर, त्यात "एसटीएस फायनल", "एसटीएस फायनल २" आणि "एसटीएस खरंच फायनल". मास्टर चार्ट उघडला, एका पेशंटची एक ओळ. सव्वीस ओळी.

मी फॉर्म का भरला होता याचं खरं कारण सांगायचं तर रूममेटने भरला होता म्हणून. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, ही शॉर्ट टर्म स्टुडंटशिप १९७९ पासून चालू आहे, हे मला फॉर्म भरताना कळलं, त्याआधी मी एसटीएस म्हणजे सीनियर लोक सीव्हीमध्ये लिहितात ती कुठलीतरी एक ओळ एवढंच समजत होते. दोन महिने, एक विद्यार्थी, एक गाइड, स्वतःचं छोटंसं संशोधन. माझ्या वेळी म्हणजे २०१७ ला दोन महिन्यांचे मिळून २० हजार होते, आता रक्कम वाढलीय. पैसे आणि सर्टिफिकेट दोन्ही रिपोर्ट मंजूर झाल्यावरच, नुसतं सिलेक्शन झालं म्हणजे काही हातात पडत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत करायचं असं म्हणतात पण मेडिकलच्या पोरांना दोन महिन्यांची सुट्टी कोण देतं, त्यामुळे सकाळी लेक्चर, दुपारी पॅथॉलॉजीचं प्रॅक्टिकल आणि संध्याकाळी कॅज्युअल्टी असं माझं चालायचं. ऑर्थो घेण्यामागेही काही स्वप्न वगैरे नव्हतं. मेडिसिनचे सगळे गाइड संपले होते. सर एकटे उरले होते आणि सरांकडे मुली फारशा जात नसत.

सरांनी पहिल्या दिवशी मला समोर बसवून हेपॅरिनची गोष्ट सांगितली. जे मॅक्लीन नावाचा एक मेडिकलचा विद्यार्थी, जॉन्स हॉपकिन्सला, १९१६ साल. रक्त गोठवणारं द्रव्य शोधायला बसला आणि कुत्र्याच्या लिव्हरमधून त्याला निघालं उलटंच, रक्त गोठू न देणारं. मी वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या. आज वॉर्डात खुब्याच्या फ्रॅक्चरच्या आजीबाईंना संध्याकाळी पोटात ते इंजेक्शन टोचतात त्याच्या मुळाशी हे पोरगं आहे, वगैरे. मला तेव्हा वाटलं सर प्रोत्साहन देतायत. आता वाटतं सर सांगत होते की बाई, तू जे शोधायला निघालीयस ते सापडेलच असं धरून चालू नकोस. किंवा कदाचित ते ही गोष्ट दरवर्षी सगळ्यांनाच सांगत असतील.

माझा विषय होता सहा तासांचा. ओपन फ्रॅक्चर, म्हणजे हाड मोडून कातडी फाटलेली, जखम आणि हाड यांचा संबंध आलेला, अशा पेशंटची जखम सहा तासांच्या आत ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नेऊन धुवायची, मेलेलं मांस कापून काढायचं, नाहीतर इन्फेक्शन होतं, असा आमच्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलेला नियम. हा नियम आला कुठून म्हणून मी शोधत गेले तर धागा जाऊन थांबला १८९८ मध्ये, फ्रीडरिक नावाच्या जर्मन सर्जनपाशी. त्याने गिनीपिगच्या जखमांमध्ये बागेतली माती आणि जिन्यावरची धूळ भरली आणि किती तासांपर्यंत जखम कापून साफ केली तर प्राणी वाचतो ते बघितलं. अँटिबायोटिक जन्मालाही आले नव्हते तेव्हाची गोष्ट. जिन्यावरची धूळ वाचून मला इतकं हसू आलं की मी लायब्ररीतून उठून बाहेर गेले. म्हणजे आमचे रेसिडेंट रात्री अडीचला ज्या आकड्यावरून शिव्या खात होते तो आकडा कुठल्यातरी जर्मन जिन्याच्या केरातून आलेला. नंतरच्या अभ्यासांमध्ये सहा तासांचा हा आकडा काही फार टिकलेला नाही, अँटिबायोटिकचा डोस लवकर जाणं जास्त महत्त्वाचं दिसतं, पण तेव्हा मला वाटत होतं की हे आपणच ठरवणार. सव्वीस पेशंटमध्ये. (प्रपोजलमध्ये पन्नास लिहिले होते. मिळाले सव्वीस. ही पण एक सार्वत्रिक गोष्ट आहे.)

तर माझं काम काय, तर वेळा गोळा करणं. अपघात कधी, कॅज्युअल्टीत कधी, पहिलं इंजेक्शन कधी, ओटीत कधी. शेवटच्या तिन्ही कागदावर मिळायच्या. पहिली वेळ मात्र माणसाच्या तोंडूनच काढावी लागायची.

मे महिन्यातली कॅज्युअल्टी ज्यांनी बघितलीय त्यांना वास सांगायची गरज नाही. रक्त, घाम, डिझेल, त्यात बीटाडीन, आणि पंखा गरम हवाच ढवळतोय. पुठ्ठ्याच्या खोक्याची फळी करून पायाला टॉवेलने बांधलेली, टॉवेल रक्ताने ताठ झालेला, जखमेत कोणीतरी माया करून कोंबलेली हळद. जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाचा ज्युनियर रेसिडेंट, त्या हळदीवर चिडत, वाकून, सलाइनच्या बाटलीला भोक पाडून धुतोय, घरचे चारजण चार कोपऱ्यांत फोन लावतायत, पोलीस एमएलसीचं (मेडिकोलीगल केसच्या नोंदीचं) विचारतायत, आणि या सगळ्यात इस्त्रीच्या ॲप्रनमधली मी, पॅड छातीशी धरून, "काका, किती वाजता लागलं?" मला आजही ते आठवलं की कानकोंडं होतं. एका पेशंटच्या भावाने माझ्याकडे नुसतं बघितलं होतं. बोलला काही नाही.

आणि उत्तरं काय यायची! घड्याळातली वेळ क्वचितच कोणी सांगायचं. गुरं परतायच्या वेळेला. दिवेलागणीला. दुसरी पाळी सुटली तेव्हा. थ्री फेजची लाइट आली म्हणून मोटार चालू करायला निघालो होतो तेव्हा. एका म्हातारीने सांगितलं, "कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या, तिसरी व्हायची होती." तिला ती तिसरी शिट्टी आयुष्यभर ऐकू येणार आहे हे मला आज कळतं, तेव्हा मी वैतागले होते. कारण मला १९:३० असं लिहायचं होतं. मग मी उलटतपासणी घ्यायची, रोज कुकर कधी लावता, जेवता कधी, आणि त्यातून एक आकडा तयार करायची. हो, तयारच करायची. वहीतून एक्सेलमध्ये जाईपर्यंत ती शिट्टी, ती गुरं, ती पाळी सगळी गळून जायची आणि १९:३० उरायचं, इतकं स्वच्छ, की जणू कोणी घड्याळाकडे बघतच पाय मोडून घेतला.

परवा रात्री मास्टर चार्ट उघडला तेव्हा पहिल्यांदा हे नजरेत आलं. कॅज्युअल्टीत आल्याच्या वेळा बघा, ११:२२, ४:४७, ९:०८, आडव्यातिडव्या, खऱ्याखुऱ्या. ओटीच्या वेळा पाचपाच मिनिटांच्या, पण निदान भिंतीवर घड्याळ तरी होतं. आणि अपघाताच्या वेळेचा कॉलम वरपासून खालपर्यंत ००, ३०, ३०, ००, ००, ३०. सव्वीसमधला एकही माणूस सात वाजून अकरा मिनिटांनी पडलेला नाही. सगळे कसे शाळेची घंटा झाल्यासारखे अर्ध्या-अर्ध्या तासाला पडलेत. ज्या माणसाने माझा रिपोर्ट तपासला असेल त्याला हे दिसलं नसेल का? की त्यानेही कधीतरी कुकरच्या शिट्ट्या मोजल्या असतील.

ओळ सतरा.

चाळिशीचा माणूस. शेणखत भरलेली ट्रॉली उलटली, उजवी नडगी. शेतातली घाण जखमेत गेलेली म्हणजे आमच्या ओपन फ्रॅक्चरच्या गुस्तिलो वर्गीकरणात, १९७६ पासून सगळे वापरतात ते, जखम दिसायला लहान असली तरी सरळ टाइप थ्री म्हणजे सगळ्यात गंभीर धरायची, आणि ही लहान पण नव्हती. जेआर-टूने जखम उघडली तेव्हा आत शेणाचा हिरवट-काळा थर आणि त्यात गव्हाचं एक अख्खं काड. चिमट्याने ते काड काढून त्याने ट्रेमध्ये ठेवलं, इतकं हळुवार ठेवलं की मला तेच लक्षात राहिलं. नऊ लिटर सलाइनने धुतली होती नंतर, आणि धुताना ओटीच्या फरशीवरून गोठ्याचा वास येत होता. पण ते नंतर. त्याआधी बाहेर पायऱ्यांवर त्याची बायको बसली होती, पदर तोंडाला, मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि माझा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "मुक्कामी गाडी यायच्या आधीच झालं की वो."

मी आत जाऊन वॉर्डातल्या मामांना विचारलं, त्या बाजूची मुक्कामी एसटी कितीला पोचते. मामा म्हणाले आठला. मी लिहिलं, १९:३०.

कॅज्युअल्टीत आले ११:२२. ओटी मिळाली पहाटे ५:५०, कारण मध्ये दोन सिझेरियन गेली. या ओटीच्या रांगेवर खरं म्हणजे वेगळं एसटीएस होईल. जेआर-टू मला तेव्हाच म्हणाला होता की तू पेशंटचे सहा तास मोजतेयस, आमचे पण मोज, दारातून टेबलापर्यंत यायला इथे किती लागतात ते. ते मी मोजले, टेबलात टाकले, आणि डिस्कशनमध्ये मात्र त्यावर एकच गुळमुळीत वाक्य लिहिलं. सरांनी खोडलं नव्हतं, मीच लिहिलं नाही. एकोणीस वर्षांची होते, गाइडच्या डिपार्टमेंटबद्दल काय लिहिणार. असो. साडेसात ते पाच-पन्नास म्हणजे दहा तास वीस मिनिटं. गट दुसरा, सहा ते बारा तास. चौदाव्या दिवशी जखम स्वच्छ, बाहेरून फिक्सेटर म्हणजे हाड धरून ठेवणारी सळ्यांची चौकट लावलेली, पू नाही, ताप नाही. इन्फेक्शनच्या रकान्यात "नाही". माझा फॉलोअप चौदा दिवसांचाच होता, कारण दोन महिन्यांत बसवायचं तर त्याहून जास्त शक्यच नव्हतं. रिपोर्ट गेला, मंजूर झाला, बँकेत पैसे आले. त्यातले बरेचसे मेसच्या थकलेल्या बिलात गेले आणि उरलेल्यांचे मी सँडल घेतले, ते दुसऱ्याच पावसाळ्यात तुटले. सर्टिफिकेट आईने लॅमिनेट करून आणलं.

२०१९ मध्ये फायनल इयरच्या ऑर्थोच्या पोस्टिंगला मी ओपीडीत कोपऱ्यात उभी होते. एक माणूस काठी टेकत आत आला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, नडगीवर एक बारीकसं भोक आणि भोकाभोवती कातडी जांभळी, आत ओढल्यासारखी. बोटाने दाबलं की थेंबभर पू. वास मला आधी आला आणि माणूस नंतर ओळखला. खरं तर त्यानेच ओळखलं. "तुमी टायम इचारनाऱ्या ताई न्हवं का?"

मी हो म्हणलं. हसले पण असेन. तो बाकावर बसला, एक्स-रेचा नंबर यायला वेळ होता, आणि आपणहून बोलायला लागला. "तवा खरं न्हाई सांगितलं ताई कुनी. पुतन्या चालवत हुता ट्रॅक्टर. सोळाचं पोरगं, लायसन कुठलं आलंय. मला ट्रॉलीखालनं काढलं तवा पाच पन वाजलं नव्हतं. आदी पोराला मामाच्या गावाला धाडलं, मग माझं बघितलं." १०८ ला फोन नाही केला, म्हणे ते लोक लिहून घेतात. तालुक्याला एका डॉक्टरने पट्टी करून दिली, मग जीप शोधण्यात रात्र झाली. मी मनातल्या मनात मोजत होते. पाच ते पाच-पन्नास. बारा तास पन्नास मिनिटं, कमीत कमी. गट तिसरा. आणि इन्फेक्शन, होय. एका ओळीत दोन रकाने, दोन्ही चूक, आणि तो माणूस माझ्या समोर बसून, पँट खाली सोडत, मलाच विचारत होता की आता पुढं काय करत्यात.

पण त्याच्या बायकोने खोटं कुठे सांगितलं होतं. मुक्कामी गाडीच्या आधीच झालं होतं की. तीन तास आधी, पण आधीच. त्या "आधी"चा अर्धा तास मी केला होता.

तेव्हा मी कोणाला काही सांगितलं नाही. सरांना सांगावं असं दोनदा मनात आलं, दोन्ही वेळा सर घाईत होते, किंवा घाईत आहेत असं मी ठरवलं. सव्वीसमधली एक ओळ बदलून काय होणार, निष्कर्ष तर तसाही "मोठ्या अभ्यासाची गरज आहे" हाच होता, जो आमच्या सगळ्यांचा असतो. रिपोर्ट मंजूर झालेला, पोस्टर पण लागून गेलेलं. आणि खरं सांगू, मला लाज त्या चुकीची तितकी नाही वाटत. चूक कळण्यासारखी नव्हती. लाज वाटते ती याची, की बाईने मला जे सांगितलं ते शब्द माझ्याकडे कुठेच लिहिलेले नाहीत. फक्त डोक्यात आहेत. बाकीच्या पंचवीस जणांचे तर डोक्यातही धड नाहीत, चार-पाच सोडले तर. शिट्टीवाली म्हातारी कुठली ओळ हे मला आज चार्ट बघून सांगता येत नाही.

पुढे मी एमएस केलं, ऑर्थोच. ते एसटीएसमुळे असं मी इंटरव्ह्यूत सांगते. असेलही. त्या दोन महिन्यांत मी पहिल्यांदा पहाटेची ओटी बघितली, ड्रिलचा आवाज ऐकला, थकलेल्या माणसाला काड हळुवार ठेवताना बघितलं, हे खरंच आहे. पण दोन महिन्यांत पोराला संशोधक करायचं, आधी प्रपोजल, मग एथिक्स कमिटीची परवानगी, मग पेशंट, मग आकडेमोड आणि रिपोर्ट, सगळं तारखेच्या आत, याबद्दल माझं मत दर आठवड्याला बदलतं. कधी वाटतं फार छान, यापेक्षा स्वस्तात कोणी असं काही शिकवत नाही. कधी वाटतं आम्ही एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना अर्ध्या-अर्ध्या तासाला माणसं पाडायला शिकवतोय. आणि सतरा नंबरचा पाय ज्या वेगाने बिघडला त्या वेगाला कुठलीच उन्हाळी स्कीम पुरणार नाही, हाडातला पू दोन-दोन वर्षं सवडीने येतो.

काल तिला बोलावून घेतलं. ती घाबरतच आली, तिला वाटलं विषय बदलायला सांगणार. मी "अंदाजे" खोडलं आणि तिला पहिल्यांदा कॅज्युअल्टीच्या वेळा दाखवल्या, मग शेजारचा कॉलम. काही बोलले नाही. पंधरा-वीस सेकंद लागले तिला. "मॅडम, हे सगळे ००-३०..." आणि मग माझ्याकडे बघायचं तिने टाळलं, शहाणी आहे. मग सतरा नंबरची सगळी हकीकत सांगितली, पुतण्या, जीप, सगळं. ती म्हणाली की आपण वेळेच्या शेजारी एक रकाना करू, कोणी सांगितलं, पेशंटने की नातेवाइकाने की पोलिसांनी. मी म्हणलं कर, आणि त्याच्या खाली दोन रिकाम्या ओळी सोड, जे बोलतील ते तसंच्या तसं लिहायला, आकडा नंतर. आणि दोन आकडे लिही, लवकरात लवकर कधी झालं असेल आणि उशिरात उशिरा कधी. ती लॅपटॉपवर लगेच करायला लागली, मग थांबली, "मॅडम, प्रोफॉर्मा तिसऱ्या पानावर जातोय." जाऊ दे म्हणलं. "स्टॅटिस्टिक्सवाले सर ओरडतील, दोन-दोन वेळा कशा टाकायच्या म्हणून." ओरडू देत, त्यांच्याकडे मी येते.

फोल्डर बंद करून ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली. मुंबईची आहे ती, आख्खं बारावीपर्यंत लोकलने गेलेली.

"मॅडम, एक विचारू? मुक्कामी गाडी म्हणजे काय?"

सांगितलं तिला. संध्याकाळची शेवटची एसटी, ती रात्री गावातच राहते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि सकाळी पहिली तीच निघते. तिने फोल्डर पुन्हा उघडलं, पेन्सिल काढली आणि खोडलेल्या "अंदाजे"च्या खाली, समासात, ते सगळं लिहून घेतलं.